दोन वाजताचा बिंदू

आमच्या घराच्या पुढच्या दाराला लोखंडी पायरी आहे. अब्बांनीच केलेली. दुकानात उरलेला नक्षीचा जाड पत्रा कापून त्याला खाली चार पाय जोडले, पण एक पाय जरासा आखूड राहिला, त्यामुळे तिच्यावर कुणीही पाऊल ठेवलं की ती ठण्ण वाजते. अम्मी म्हणायची, "गावभरची गेटं गुण्यात, अगदी काटकोनात बसवता, आपली एक पायरी बसत नाही तुम्हाला." अब्बा म्हणायचे, "आसू दे की. कोन आलं ते आतल्या आत कळतं." आणि ते खरंच कळायचं. अम्मीचं पाऊल दबकं, माझं दोनदा वाजायचं, कारण मी उडी मारून चढायचे, आणि शेजारचे दत्ताभाऊ आले की फळीवरचे डबे हलायचे. ही पायरी मी आधी सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा आहे, आणि मला सगळं नीट क्रमाने सांगता येईल की नाही याची अजून खात्री वाटत नाही.

आम्ही कुसगावचे. रस्त्याला लागून अब्बांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान. बंगल्यांची गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, हॉटेलांच्या शेड अशी कामं. माझं लहानपण ग्राइंडरच्या किंकाळीत गेलं. आजही कुठे ग्राइंडर बंद झाला की मला एकदम भूक लागते, कारण तो बंद होणं म्हणजे अब्बा जेवायला येणं. अम्मी लोणावळ्याच्या बाजारपेठेतली, तिचं बोलणं शहरी. सुट्टीत पाहुणे आले की ती एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची आणि परत येताना तिच्या ओढणीला कोथिंबिरीचा आणि परक्या साबणाचा वास यायचा. घरात मात्र इंद्रायणी तांदळाचा भात आणि आमटी, आणि आमटीला उकळी आली रे आली की गॅस बारीक. बारीक करणं ही आमच्या घरची सवयच होती. अब्बा दुकानात गॅसने पत्रा कापायचे तेव्हाही त्यांचं लक्ष अर्धं पत्र्यावर आणि अर्धं ऑक्सिजनच्या चावीवर. ती चावी ते कधी मुठीत धरायचे नाहीत, दोन बोटांत धरायचे. डोळ्यावर काळा चष्मा असला तरी नुसत्या सूं आवाजावरून त्यांना कळायचं की किती सुटतंय.

अब्बा सातवी शिकलेले, अम्मी नववी. मी दहावीत गेले तेव्हा माझ्या वह्यांकडे ते दोघं जरा लांबूनच बघायचे. गणित मला फारसं यायचं नाही, पण आलेख आवडायचे. चौकटींचा तो हिरवट कागद, त्यावर आडवा अक्ष, उभा अक्ष, तीन बिंदू आणि त्यांतून जाणारी रेषा. सर सांगायचे, तिसरा बिंदू रेषेवर बसला नाही तर थांबा, तुमचं काहीतरी चुकलंय, किंवा तुम्हाला काहीतरी सांगायचंय त्याला. मी थांबायचे नाही. तिसरा बिंदू बाहेर पडला की मी इकडे तिकडे बघायचे, तो खोडायचे आणि रेषेवर आणून बसवायचे. रेषा सरळ दिसली की मार्क मिळायचे. वर्गात बरीच मुलं असंच करायची, म्हणून मला त्यात पाप वाटलं नाही.

एकदा अब्बांनी तसाच एक गृहपाठ हातात घेतला. कागद डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटला आणि वाकडा पाइप तपासतात तसं कडेवरून बघितलं. "सरळ हाय," म्हणाले. मग विचारलं, "हे काय लिवलंय?" मी म्हटलं, "रेषेचा चढ. ऋण आहे." "खाली चाललीय तरी चढ?" "हो, असंच म्हणतात." "म्हंजे घाट उतरून खोपोलीला गेलो तरी मी चढलोच म्हनायचं!" अम्मी आतून हसली. मीही हसले, पण त्या कागदावर खोडलेल्या बिंदूची खळी राहिली होती आणि ती त्यांना दिसली नव्हती, याचं मला जरा बरं वाटलं.

त्याच वर्षी शाळा मोबाइलवर आली, मग तीही थांबली, आणि उन्हाळ्यात अब्बांना कोरोना झाला. दवाखान्यांत जागा नव्हती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घरीच ऑक्सिजन लावा. दत्ताभाऊंचा टेम्पो होता. त्यांनी कुठून कुठून खटपट करून मोठे दोन सिलेंडर मिळवले. एक लावलेला असायचा, दुसरा भरायला गेलेला. डॉक्टरांचं सांगणं मी वहीत लिहून घेतलं होतं. छोट्या नळीतला बॉल चारच्या खुणेवर ठेवायचा, कमी करायचा नाही. वरच्या घड्याळाचा काटा वीसवर आला की सिलेंडर बदलायचा. बोटाचं मशीन नव्वदच्या खाली गेलं तर फोन करायचा. सिलेंडर खाटेच्या उशाशी उभा होता. अब्बांनी तशा तापातही तो खिडकीच्या गजाला साखळीने बांधून घ्यायला लावला. "पडला तर पाय मोडंल कुनाचा तरी." ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत पाणी बुडबुडत राहायचं. घरात ग्राइंडरच्या जागी तो आवाज आला होता.

दत्ताभाऊंनी विचारलं, "रेहाना, हा कवा संपंल ते मला आदीच कळाया पायजे. लायनीत लय येळ जातो." तेव्हा मला आलेख सुचला. सुचला म्हणजे काय, मला तेवढंच येत होतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर काट्याचा आकडा. त्या दिवशी सकाळी सहाला नवा सिलेंडर लावला तेव्हा काटा दीडशेवर होता. आठला एकशे चाळीस. दहाला एकशे तीस. अब्बांची स्टीलची फुटपट्टी लावून मी रेघ मारली आणि पुढे तुटक ओढत नेली. ती वीसच्या ओळीला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भेटत होती. दत्ताभाऊ रिकामा सिलेंडर घेऊन पहाटेच गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते. म्हणजे काळजी नव्हती. मी तो कागद अब्बांच्या समोरच्या भिंतीला चिकटवला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, पोरीचं कौतुक बघतायत.

बारा वाजता मी काटा बघितला, एकशे वीस. बिंदू अगदी रेषेवर पडला. तेवढ्यात दत्ताभाऊंचा फोन आला. अम्मीचे हात धुण्यात होते, म्हणून मी स्पीकर लावला. "भाभी, हितं टँकरच आला न्हाई. आता नंबर उद्यावर गेलाय. मी हलत न्हाई हितनं, पन उद्या सांजच्याला सात वाजतील बगा." अम्मीचे रोजे चालू होते, चेहरा आधीच उतरलेला. ती नुसती ओल्या हातांनी उभी राहिली. मी कागदाकडे बघितलं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात यांच्यामध्ये बावीस चौकटी होत्या, मी अर्ध्या तासाला एक घेतली होती. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर अम्मीने आणि मी बाहेर अंगणात जाऊन फोन करायला सुरुवात केली. सगळीकडून तेच, नाही, नाही, बघतो. दोन वाजता मी आत गेले. पायरी वाजली. बॉल चारवर होता. काटा मात्र एकशे पंधरावर. एकशे दहा असायला हवा होता. मी डोळे चोळले, बाजूने बघितलं, समोरून बघितलं. मग मी जे शाळेत करायचे तेच केलं. आपलीच बघण्यात चूक झाली, काच तिरकी आहे, असं मनाशी म्हटलं, एकशे पंधरावर दिलेला बिंदू खोडला आणि खाली रेषेवर, एकशे दहावर आणून बसवला. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. मी ते मुद्दाम केलं नाही असं म्हणायचा मोह होतो, पण खोडरबर माझ्याच हातात होता.

बोटाचं मशीन सकाळी त्र्याण्णव दाखवत होतं. दोनला नव्वद आलं. अम्मीने अब्बांचं बोट चोळून गरम केलं. चारला सत्त्याऐंशी. तिने मशीनमधले सेल बदलले. "काहीतरी बिघडलंय याला," ती म्हणाली. आणि मग तिने सिलेंडरकडे बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "रेहाना, काटा बघ! एकशे दहावरच आहे. पुरतोय गं. अल्लाहची मेहेरबानी, पुरतोय." दोन यंत्रं होती. एक चांगलं सांगत होतं, त्यावर आम्ही विश्वास ठेवला. दुसरं वाईट सांगत होतं, त्याचे सेल बदलले.

मी पेन्सिल घेऊन कागदापाशी गेले. चारचा बिंदू एकशे दहावर द्यायचा होता. पण एकशे दहावर दोनचा बिंदू आधीच बसलेला होता, मीच बसवलेला. दोन तासांत काटा हललाच नाही, असं कसं होईल? बाटलीत बुडबुडे तर येत होते. खोडलेल्या जागी कागद जरा फुलला होता. मी बोट फिरवलं आणि ती खळी लागली. मी दोनचा बिंदू परत एकशे पंधरावर दिला. मग चारचा दिला. आता बारापर्यंत एक रेषा होती आणि बारानंतर दुसरी, निम्म्याने संथ. रेषा बरोबर बाराला वाकली होती.

ज्या वेगाने काटा उतरत होता, त्या वेगाला बॉल दोनच्या आसपास हवा. पण मी बघितलं तेव्हा बॉल चारवर, अम्मीने बघितलं तेव्हाही चारवर. आम्ही बघतो तेव्हा चार. आणि आम्ही बघायला येतो ते कळतं कसं? बाहेर कुणीतरी हाकललेलं मांजर पायरीवर चढलं असावं. ती एकदा हलकीशी वाजली, आणि मी आधी दाराकडे, मग अब्बांच्या उशाशी असलेल्या चावीकडे बघितलं.

अम्मी पेज आणायला मागे गेली होती. मी कागद भिंतीवरून काढला आणि अब्बांच्या खाटेपाशी बसले. वडिलांना असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. मी कागद नुसता पुढे केला. त्यांनी तो घेतला, डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटला.

"बाराला वाकलीय," ते म्हणाले.

"हो."

"दत्ताचा फोन बाराला आलता."

"अब्बा, तुम्ही चावी फिरवताय?"

"बॉल बघ की. चारावर हाय."

"पायरी वाजली की चारवर असतो."

ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर ते एकेक शब्द सुटा सुटा बोलायला लागले. "सकाळपास्नं तुझी रेघ बघतोय पोरी. मला काय कळत न्हाई व्हय? सकाळी संपतंय. दत्ता येनार सांजच्याला. मदल्या येळेला काय करायचं? तू शिकलीस, सांग."

मी त्यांच्या हातातल्या कागदावरची तुटक रेघ परत बघितली.

"ग्यास कमी पडला तर आमी जोत बारीक करतो. काम सावकाश करायचं. पन पुरं करायचं. तेच केलं."

"पत्रा थांबतो अब्बा," मी म्हटलं. "तो श्वास घेत नाही."

माझा आवाज बहुधा मोठा झाला असावा, कारण अम्मी मागच्या दाराने पेजेचा वाडगा घेऊन तशीच आली. तिने माझ्याकडे बघितलं, अब्बांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग चावीकडे. तिला आलेख कळत नव्हता, पण नवरा कळत होता. वाडगा तिने खाली ठेवला. "माझ्यासमोर चार, आणि पाठ वळली की दोन?" ती म्हणाली. "मी तुमची बोटं चोळत बसले, सेल बदलले, अल्लाहचा शुक्र केला वर. लाज नाही वाटली?" अब्बा लहान मुलासारखे म्हणाले, "दोन न्हाई. दोनाच्या जरा वर." "गप बसा," अम्मी म्हणाली, आणि तिने खाटेची कड धरली. आम्ही दोघींनी मिळून खाट फिरवली. अब्बांची उशी होती तिथे पाय आले. नळी पुरली, पण चावीपर्यंत हात पुरत नव्हता.

डॉक्टर फोनवर चिडले. चारवर ठेवा, अर्ध्या तासात नव्वदच्या वर आलं नाही तर कुठेही घेऊन जा, पण घेऊन जा. आम्ही तिघं त्या बोटाकडे बघत बसलो. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा सत्त्याऐंशी. पेजेवर साय धरली. एकोणनव्वद. मग एक्क्याण्णव आलं, आणि अम्मी भिंतीला टेकली. पण आता रेषा पुन्हा जुन्या वेगाने पडणार होती. मी एकशे दहापासून नवी तुटक रेघ ओढली. ती सकाळी दहाला वीसवर येत होती. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. अब्बांनी विचारलेला प्रश्न थोडा आखूड झाला होता, पण होता तसाच उभा होता.

अम्मी हळूच म्हणाली, "बंगल्यावरच्या काकूंकडे एक आहे." ती जिथे स्वयंपाकाला जायची तिथल्या काकू. त्यांचे यजमान बरे झाले होते आणि भरलेला सिलेंडर व्हरांड्यात चादरीखाली उभा होता. "आधी का नाही बोललीस?" "मी काल विचारलं होतं," अम्मी म्हणाली. "म्हणाल्या, आम्हालाच लागला तर? त्यांचंही खरं आहे." मी कागद गुंडाळला आणि निघाले. अम्मीने अडवलं नाही.

काकूंनी गेट उघडलं नाही. मास्कवरून बोलल्या, "रेहाना, आईला सांगितलंय मी." मी म्हटलं, "काकू, द्या म्हणायला नाही आले. हे बघता?" आणि गेटच्या गजांतून कागद आत सरकवला. ते गेट अब्बांनीच केलेलं होतं, दोन गजांमधून माझा हात मनगटापर्यंतच जात होता. मी बाहेरून सांगत गेले, इथं सकाळी लावला, इथं असा उतरला, इथं अब्बांनी कमी केला. काकू चष्मा वर करून बघत होत्या. "कमी केला? कुणी, उस्मानभाईंनी स्वतः?" "हो. दत्ताभाऊ येईपर्यंत सिलेंडर पुरायला पाहिजे म्हणून." त्यांनी रेषा वाकली होती तिथे बोट ठेवलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी दहा ते संध्याकाळी सात, एवढाच पाहिजे. नऊ तास. दत्ताभाऊ आले की भरलेला तुमच्याकडे."

"आणि दत्ता नाही आला तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. खरं तर आलं नसतं, माझं खोटं दुपारी दोनलाच त्या बिंदूत बोलून झालं होतं. मी म्हटलं, "मोजलंय तिथपर्यंत रेघ सलग आहे काकू. पुढची तुटक आहे. ते मला माहीत नाही."

काकूंनी कागद उलटसुलट केला, मागे काही लिहिलंय का ते बघितल्यासारखा. आतून त्यांच्या यजमानांच्या खोकण्याचा आवाज आला. त्या क्षणभर तिकडे वळल्या. मग कागद गजांतून परत देत म्हणाल्या, "दहाला नको. काटा चाळीसवर आला की माणूस पाठव. इतकं ताणू नका रे तुम्ही लोक."

दुसऱ्या दिवशी काकूंचा सिलेंडर आला. दत्ताभाऊ सातला नाही, साडेआठला आले, आणि आल्या आल्या पायरीवर असा पाय पडला की डबे हलले. त्या रात्रीच काकूंकडे भरलेला सिलेंडर गेला. अब्बा पुढे महिनाभर खाटेवर होते. आज दुकानात असतात, जिना चढताना मध्ये थांबतात. मी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. प्रॅक्टिकलला एखादा आकडा रेषेबाहेर पडला की वर्गातली मुलं खोडरबर शोधतात, आणि मी तो आकडा परत मोजून बघते.

मला मात्र त्या दिवसाचे संध्याकाळचे सहाच आठवायचे आहेत. मी बंगल्यावरून परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अम्मी इफ्तारीसाठी कलिंगड चिरत होती. मी उडी न मारता पायरी चढले, ती एकदाच वाजली. अब्बा नव्या बाजूने, दाराकडे तोंड करून पडले होते. मी त्यांना काकूंचं सांगितलं. मग मनात होतं तेही सांगितलं. "अब्बा, दोनचा बिंदू मी खोडला होता. रेघ सरळ दिसावी म्हणून."

"म्हंजे तू बी फिरवलीस व्हय चावी," ते म्हणाले.

मी मान हलवली. मला रडू येत होतं, म्हणून मी सिलेंडरकडे वळले. बॉल चारवर होता. काटा बघितला, समोरून बघितला, बाजूने बघितला. "अब्बा, शंभर."

"दोन तासांत धा?"

"हो."

"लय भराभर चाललंय की."

मी पेन्सिल ठेवून दिली, पेनाने बिंदू दिला आणि कागद त्यांच्यासमोर धरला. रेषा पुन्हा सकाळच्यासारखी तिरकी खाली पडत होती. त्यांनी या वेळी एक डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शिलेंडर संपत चाललाय," ते म्हणाले, "आन तू हसतीयास."